ठासणी आणि टोपी-गोळीचं रिव्हॉल्वर : काजळी काढायला पाणी की तेल?

फैजपूरकर

काळ्या दारूचा बार काढल्यावर नळी पाण्याने धुवायची की तेलाने पुसायची? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो.

मी सध्या इंग्लंडात असतो आणि तिथल्या एका क्लबात टोपी-गोळीचं रिव्हॉल्वर चालवतो. १८५८ च्या रेमिंग्टनची इटलीत बनलेली नक्कल, .४४ ची (नळीचं माप, इंचात). याला काडतूस नसतं. चक्राच्या प्रत्येक घरात समोरून मापाने दारू ओतायची, वर नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) तुपट चकती, मग शिशाची गोल गोळी नळीखालच्या दांड्याने दाबून बसवायची. सगळ्यात शेवटी, नळी निशाणाकडे धरून, मागच्या निपलांवर (बारीक भोकाच्या बोंडांवर) टोप्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या वाट्या. सहा बार मिनिटात संपतात, भरायला मात्र पाच-दहा मिनिटं लागतात. १९९७ च्या बंदीनंतर तिथे पिस्तुलं जवळजवळ संपलीच, पण तोंडाकडून भरायची ही जात परवान्यावर ठेवता येते. मला हा छंद लागला तो त्यामुळेच.

क्लबातले जुने लोक सांगतात : पाणी आणि साबण, मग कोरडं करून वनस्पती तेल किंवा चरबी. यंत्राचं खनिज तेल नळीत घालायचंच नाही.

इकडे मोठेबाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणी आहे, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक. त्यांचं म्हणणं, "लोखंडाला पाणी दाखवलं की ते गेलं." ते रॉकेलचा बोळा फिरवतात आणि वर शिलाई मशीनचं तेल देतात. बंदूक माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि अजून ठणठणीत वाजते.

दारू तीच, टोपी तीच, मग खरं कुणाचं धरायचं? ठासणी वापरणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव लिहावा. नुसतं "मोठ्यांचं ऐकावं" नको.

भरीतपार्टी

मोठ्यांचं ऐकावं.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे वडिलांच्या काळापासून पाणीच. चुलीवर पातेलं ठेवायचं, चांगलं कढत करायचं, निपल काढून नळीचं बूड बादलीत बुडवायचं आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली ओढायची. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. तिसऱ्या पाण्याला स्वच्छ. नळी इतकी तापते की हातात धरवत नाही, आणि त्याच उष्णतेने आतून आपोआप सुकते. मग तेलाचा हात.

रॉकेलने नळी चकचकीत दिसते हे खरं. पण रॉकेलच्या नळीत दोन दिवसांनी पांढरा बोळा फिरवून पाहा, तांबूस निघतो.

आणखी एक. धुण्याआधी बंदूक रिकामी आहे ना ते गज टाकून बघा. गज आत सोडायचा, तोंडाशी नख लावायचं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून ताडायचा. निपलच्या जागेपर्यंत पोचला नाही तर आत बार आहे. ठासणी बाहेरून बघून भरलेली की रिकामी ते कधीच कळत नाही.

रसायनवाला_भुसावळ

केळीबाग यांना आलेला वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्यातच या भांडणाचं उत्तर आहे.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं. थोडं धुरातून उडतं, बाकीचं नळीला चिकटतं. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार : कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. यातलं कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे काजळी कोरडी दिसली तरी रात्रीत ओली होते आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा थर बसतो.

हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात. रॉकेलमध्ये किंवा मशीनच्या तेलात विरघळत नाहीत. रॉकेलचा बोळा वरची काजळी खरवडून नेतो, पण लोखंडाच्या बारीक खाचांतला क्षार जिथल्या तिथे राहतो. त्यावर तेल दिलं की चोर आत ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं होतं.

जुन्या टोप्यांची भर वेगळी. पोटॅशियम क्लोरेटच्या टोपीतून पोटॅशियम क्लोराइड सुटतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. हल्लीच्या बहुतेक परदेशी टोप्यांत तो त्रास नाही.

तेव्हा आधी पाणी, नंतर तेल. तेल हवंच, पण शेवटी.

तात्या_यावल

रसायनवाला सर, तुमचं पुस्तक बरोबर असेल, पण पुस्तकात आमचा मे महिना नाही. आमच्या भागात आठ महिने हवा इतकी कोरडी की घातलेला सदरा दोरीवर अर्ध्या तासात वाळतो. ओल ओढून घ्यायला ओल तर पाहिजे? रॉकेलवाल्यांच्या बंदुका टिकल्या त्या याच कारणाने. फैजपूरकरांच्या मोठेबाबांना वेड्यात काढू नका.

पावसाळ्यात मात्र मीही पाणी वापरतो. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर केळीबाग लगेच पकडतील.

केळीबाग_रावेर

पकडलं. डुकरं मक्यात घुसतात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. मे महिन्यात तुम्ही बार काढता कशाला, लग्नात?

तात्या_यावल

लग्नात बार काढायला कायद्याने बंदी आहे भाऊ. २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. फौजदार इथे वाचत असतात, माझ्या तोंडून काही काढून घेऊ नका.

निवृत्त_फौजदार

वाचतो आहे. 🙂

अमळनेर_ते_ओहायो

मी अमळनेरचा, आता ओहायोत. माझ्याकडे १८५१ च्या कोल्ट नेव्हीची नक्कल आहे, .३६ ची. रिव्हॉल्वरच्या बाजूने थोडं लिहितो, कारण ठासणीचा अनुभव त्याला तंतोतंत लागू होत नाही.

ठासणीला एक नळी, एक निपल. शेतकरी रात्रीतून एखाददुसरा बार काढतो. रिव्हॉल्वरचे आम्ही एका बैठकीत तीस-चाळीस बार काढतो आणि त्यात फिरणारे भाग असतात. काजळी नळीत बसते तशी चक्र ज्या दांड्यावर फिरतं त्यावरही बसते. तिसऱ्या-चौथ्या भरणीला चक्र जड होतं, मग अडतंच. रेमिंग्टनला हा त्रास जास्त, कारण त्याचा दांडा बारीक आणि गुळगुळीत. कोल्टचा दांडा जाड आणि खाचांचा, खाचांत वंगण राहतं. शिवाय कोल्टची पाचर ठोकून काढली की नळी, चक्र, चौकट असे तीन तुकडे हातात येतात. उलट रेमिंग्टनला चक्रावरून पट्टी असल्याने चौकट भक्कम आणि नेम धरायची खाच त्या पट्टीत कायमची कोरलेली. कोल्टची खाच घोड्याच्या डोक्यात असते! घोडा चढवाल तेव्हाच निशाण दिसणार. फैजपूरकर, रेमिंग्टन असेल तर दर दोन भरण्यांनी चक्र उतरवून दांडा ओल्या फडक्याने पुसा आणि वंगण लावा. बाकी काही करायला नको.

खनिज तेलाचं : नळीत ते असताना काळी दारू जाळली की डांबरासारखा चिकट थर होतो, तो ना पाण्याने जातो ना फडक्याने. तुमच्या क्लबातले म्हातारे म्हणतात ते हेच. साठवणीला बंदूक कपाटात जाणार असेल तर मशीनचं तेल चालतं, पण भरण्याआधी प्रत्येक घर कोरडं पुसायचं आणि सगळ्या निपलांवर नुसत्या टोप्या वाजवून आतलं तेल जाळायचं. नाहीतर पहिला बार फुसका.

भरीतपार्टी

वंगण म्हणजे नेमकं काय लावता? तिथे तूप मिळतं का?

अमळनेर_ते_ओहायो

मधमाशीचं मेण आणि चरबी वितळवून एकत्र करायची, ही जुनी रीत. पण इथे निम्मे लोक किराणा दुकानातलं घट्ट वनस्पती तूप आणून गोळीच्या तोंडावर थापतात. अगदी केकमध्ये घालायचं तेच.

शेवभाजीताई

म्हणजे वनस्पती! अहो मग त्यात अमळनेरचं काय नवल. १९४५ साली अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, तीच पुढे विप्रो झाली. सूर्यफूल छाप वनस्पती आणि ७८७ साबण करायची. धुवायला साबण आणि चोपडायला वनस्पती, दोन्ही एकाच गावचं. ओहायोकर, तुम्ही उगाच सातासमुद्रापार गेलात.

अमळनेर_ते_ओहायो

ताई 😂 हे क्लबात सांगतो. कोणी विश्वास ठेवणार नाही.

तात्या_यावल

सातपुड्यात आमचे पावरा बांधव मोहाच्या बियांचं तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं घट्ट होतं. ठासणीच्या घोड्याला, चापाला तेच लावलेलं पाहिलंय. वासाला उग्र, पण गंज नाही.

चोपडा_एक्स्प्रेस

पण आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत वनस्पती काय आणि मोहाचं तेल काय, पाणी होऊन गळून जाईल ना? मग गोळीवर थापून उपयोग काय?

अमळनेर_ते_ओहायो

बरोबर शंका. इथेही उन्हाळ्यात पहिला बार काढला की शेजारच्या घरांवरचं वनस्पती गरम वाऱ्याने उडतं आणि हात, बाही, पाकीट सगळं तुपकट. उष्ण भागातले लोक म्हणून मेणाचं प्रमाण वाढवतात किंवा वरून काही थापतच नाहीत. मेण-चरबी मुरवलेली नमद्याची चकती दारू आणि गोळीच्या मध्ये ठेवतात. ती गळत नाही. खानदेशी मे महिन्यात मी चकतीच वापरली असती.

एवढंच, की चकती लावून भरलेली बंदूक दिवसभर उन्हात ठेवू नये. चरबी पाझरून दारूत उतरली की बार मेला.

इतिहासवेडा_धुळे

धागा छान चाललाय म्हणून थोडं अवांतर. आमच्याकडे सर्रास ऐकायला मिळतं की धरणगावच्या आउट्रम साहेबाने (कंपनीचा इंग्रज अधिकारी) खानदेशात रिव्हॉल्वरने वाघ लोळवले. वाघ मारले असतील, तो नामांकित शिकारी होता. पण रिव्हॉल्वर? १८२५ मध्ये त्याने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली आणि १८३५ मध्ये तो इथून गेला. सॅम्युएल कोल्टने आपल्या रिव्हॉल्वरचं इंग्लंडात पेटंट घेतलं १८३५ च्या अखेरीस, अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ ला. म्हणजे साहेबाची बदली झाली तेव्हा ते यंत्र कारखान्यातून बाहेरही पडलं नव्हतं.

टोपी मात्र त्याआधीची. मूळ कल्पना अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची, पेटंट १८०७ चं. पाद्रीबुवांना पाखरं मारायचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरचा रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) भडकायचा, तो पाहून पाखरं भुर्र. ठोक्याने बार पेटवायची युक्ती त्यांनी शोधली ती या चिडीपायी.

तापीकाठचा

मग आपल्याकडे रिव्हॉल्वर आलं कधी?

इतिहासवेडा_धुळे

जोरात आलं ते १८५० नंतर. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि इंग्रज रॉबर्ट अ‍ॅडम्स समोरासमोर आले. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला कारखानाही काढला, तो १८५६ मध्ये गुंडाळला. अ‍ॅडम्सचं हत्यार नुसता चाप ओढला की वाजायचं, कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागायचा. कोल्ट लांबवर नेमकं, अ‍ॅडम्स जवळच्या झटापटीत भारी. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांकडे दोन्ही सापडतात. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भिल्ल पुढाऱ्यांची, खाज्या नाईक आणि भीमा नाईकांची, अंबापाणीची लढाई ११ एप्रिल १८५८ ची, म्हणजे ऐन टोपीच्या हत्यारांचा काळ.

आणि काडतुसं निघाल्यावरही अमेरिकेत टोपी-गोळी इतकी वर्षं का चालली, तर पेटंटमुळे. मागून काडतूस घालता यावं म्हणून चक्राची घरं आरपार पाडायची कल्पना रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने १८५५ मध्ये नोंदवली होती. ती स्मिथ अँड वेसनने मिळवली आणि १८६९ पर्यंत दाबून धरली. कोल्ट-रेमिंग्टनवाले तोवर तोंडाकडूनच भरत बसले.

खान्देशी_पोऱ्या

आमना गावमा आजलाकडे ठासणीनी बंदूक व्हती. बार काढे तं गावभरना कुत्रा पळेत, आन् डुकरं तठेच उभी राहेत. आते खुंटीवर टांगेल शे.

नर्मदा_नंदुरबार

वाईट वाटेल कुणाला, पण लिहिते. डुक्कर हाकलायला बंदूक लागते हेच मला पटत नाही. कुंपण, राखण, वनखात्याची भरपाई असे मार्ग आहेत. पीकसंरक्षणाच्या नावावर काय काय मारलं जातं ते सातपुड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

केळीबाग_रावेर

ताई, वाईट नाही वाटलं. आमच्याकडे बार हवेत जातो, तोही आवाजासाठी. पण एकदा येऊन बघा, घड भरलेली केळीची ओळ रात्रीत आडवी झालेली. भरपाईचा पंचनामा व्हायला, मग पैसे यायला किती काळ लागतो ते शेतकऱ्याला विचारा.

निवृत्त_फौजदार

नर्मदाताईंचा मुद्दा कायद्यातही आहे. पीकसंरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, रानडुकरासाठीसुद्धा.

आता फैजपूरकर, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. तिकडचं रिव्हॉल्वर इकडे आणायचा विचार करू नका. अमेरिकेत १८९८ पर्यंतची हत्यारं आणि टोपीवाल्या नकला केंद्राच्या कायद्यात बंदुकीत मोजत नाहीत. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारं काहीही असलं तरी ते अग्निशस्त्र. टोपीचं असो की काडतुसाचं. पीकसंरक्षणाला सवलत आहे ती ठासणीच्या बंदुकीला, रिव्हॉल्वरला नाही.

तापीकाठचा

फौजदार साहेब, वाड्यात जुनं हत्यार सापडलं तर? आमच्या पाहुण्यांकडे पारोळ्याला माळ्यावर एक गंजलेलं सहाबारी आहे. कुणी म्हणतं शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही.

निवृत्त_फौजदार

शंभर वर्षांचा असा कोणताही नियम नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. "गंजलंय" म्हणजे "चालत नाही" हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. पाहुण्यांना सांगा, कुणी तेलपाणी करून घोडा चढवून बघू नका. कुणाच्या नावावर परवाना होता का ते कागद शोधा आणि स्वतःहून पोलिस ठाण्यात लेखी कळवा. स्वतःहून कळवणाऱ्याची आणि झडतीत सापडणाऱ्याची गोष्ट एक नसते.

वारसाने परवाना मागता येतो. फक्त २०१९ पासून एका माणसाकडे दोनच हत्यारं, पूर्वी तीन चालायची.

तापीकाठचा

आजच फोन करतो.

रायगडचा_पाहुणा

घरच्या घरी दारू करता येते का हो? सोरा तर खताच्या दुकानात

संपादक

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. दारू किंवा टोप्या बनवण्याची चर्चा या धाग्यावर होणार नाही. साफसफाई, इतिहास, कायदा चालू द्या.

चोपडा_एक्स्प्रेस

व्हिडिओत पाहिलं की एक चाप ओढला आणि सगळी घरं एकदम उडाली. खरंच होतं असं?

फैजपूरकर

होतं. आमच्या क्लबात एकाच्या हातात झालं, सुदैवाने बोटं शाबूत राहिली, कारण दुसरा हात त्याने चक्रापुढे धरला नव्हता. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते, म्हणून साखळीने उडतात. शिरते कुठून यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो समोरून, गोळीच्या कडेने. त्यावर उपाय, गोळी घरापेक्षा किंचित मोठी घ्यायची : .४४ ला .४५१ किंवा .४५४, .३६ ला .३७५. दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाहेर पडली पाहिजे. कडी पूर्ण गोल निघाली म्हणजे घर बंद झालं. याला शिसंही शुद्ध, मऊ लागतं. टणक शिशाने दाबायचा दांडा वाकतो.

दुसरा पंथ म्हणतो मागून, सैल टोपीतून. टोपी गळून पडली किंवा सैल बसली की निपल उघडं. म्हणून मापाची टोपी. चिमटा काढून बसवलेली मोठी टोपी मी वापरत नाही.

मी दोन्ही पंथांचा आहे. बोटं दहाच आहेत.

अमळनेर_ते_ओहायो

+१. दोन गोष्टी जोडतो. गोळी आणि दारूच्या मध्ये पोकळी ठेवायची नाही, गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. .४४ ला आकारमानाने २५-३० ग्रेन दारू, म्हणजे दोन ग्रॅमच्या आतच, मग घर अर्धवट राहिलं तर वर रव्याची भर घालतात. (हो शेवभाजीताई, रवाच. बारीक मक्याचा.) आणि दारूच्या शिंगातून थेट घरात ओतायचं नाही, मधे मापटं हवंच. आत एखादा निखारा शिल्लक असला तर हातात फक्त मापट्याएवढी दारू भडकते, शिंग नव्हे.

बिनधुराची आधुनिक दारू मात्र यात चिमूटभरही घालायची नाही. त्या दाबाने चक्र फुटतं.

शेवभाजीताई

वनस्पती, साबण, रवा. आता ओव्हन तेवढा राहिला.

अमळनेर_ते_ओहायो

लिहायला संकोच वाटत होता. धुतल्यावर लाकडी मूठ काढून सुटे भाग अगदी मंद ओव्हनमध्ये सुकवणारे बरेच आहेत. 🙈

शेवभाजीताई

तुमच्या मंडळींना माझा नमस्कार कळवा. त्यांच्या सहनशक्तीला.

रसायनवाला_भुसावळ

ओव्हनवरून आठवलं. उकळतं पाणीच हवं का, यावर माझं केळीबागांशी थोडं वेगळं मत आहे. क्षार कोमट पाण्यातही छान विरघळतात. फार कढत पाण्याने नळी तापते आणि सुकता सुकता तिच्यावर लगेच तांबूस झाक चढते. कोमट पाणी, थोडा साबण, मग कोरड्या चिंध्या आणि ताबडतोब तेल. चिंध्यांचा आळस असेल तर कढत पाणी बरं.

केळीबाग_रावेर

आळस आहे. कढतच बरं.

फैजपूरकर

मूळ प्रश्नाकडे येतो. रविवारी मोठेबाबांनी बांधावर एक बार काढला. मग त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच हाताने रॉकेल आणि मशीनचं तेल. बोळे पांढरे यायला लागले तेव्हा ते म्हणाले, झालं. त्यावर मी कढत पाण्यात भिजवलेली चिंधी गजाला लावून एकदाच फिरवली. काळी निघाली, आणि तो अंड्याचा वास. मोठेबाबांनी चिंधी नाकाशी नेली, काही बोलले नाहीत, आणि काकूला पातेलं ठेवायला सांगितलं. नंतर तेल त्यांचंच लागलं, मशीनचं. भरण्याआधी कोरडा बोळा आणि एक टोपी वाजवायची, एवढं कबूल करून घेतलं.

तात्या_यावल

मोठेबाबा फितूर झाले. माझी बंदूक मे महिन्यात रॉकेलनेच पुसली जाईल.

केळीबाग_रावेर

मान्य. जूनमध्ये भेटू.

चोपडा_एक्स्प्रेस

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते तेव्हा काय करायचं? मागच्या वेळी आमची परत आली ती गंजून. तिथे कोण तेलपाणी करणार.

निवृत्त_फौजदार

तिथे कुणी करत नाही, शेकड्याने हत्यारं असतात. जमा करायच्या आदल्या दिवशी तुम्हीच पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, आतून-बाहेरून घट्ट तेल किंवा ग्रीस भरपूर द्या. ही साठवण आहे, तिथे खनिज तेलाला हरकत नाही. चामड्याच्या म्यानात देऊ नका, चामडं ओल धरतं. सुती फडक्यात गुंडाळा. पावती घ्या आणि पावतीवर हत्याराचा नंबर व स्थिती लिहून घ्या. निकालानंतर परत मिळाली की पहिली गज टाकून तपासा, मग ग्रीस काढा.

चोपडा_एक्स्प्रेस

धन्यवाद साहेब. आणखी एकच. बार काढला की आमच्या ठासणीचा घोडा मागे उडतो आणि टोपीच्या चिंधड्या होतात. दारू जास्त पडते का?

केळीबाग_रावेर

दारू कमी करून बघा, पण बहुतेक निपल गेलं असणार. आतलं भोक जळून मोठं होतं, मग वायू मागे येतो आणि घोडा उचलतो. निपल काढून उजेडाकडे धरा. बुडाशी भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसायला हवं. मोठं दिसलं तर बदला.

अमळनेर_ते_ओहायो

रिव्हॉल्वरलाही हेच. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडला की चक्र अडकतं. नवीन निपल बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी निघणार नाही.

निवृत्त_फौजदार

आणि ते परवानाधारक दुकानातूनच घ्या, बंदूक आणि परवाना दोन्ही सोबत नेऊन. आटे जुळतात का ते तिथेच बसवून बघा. बाहेरच्या लेथवर करून घेतलेलं निपल उडून डोळ्यात गेल्याची केस मी स्वतः लिहिली आहे.

चोपडा_एक्स्प्रेस

बरं साहेब. तोवर बंदूक खुंटीला.